बाईंसाठी घडीची पोळी

माझी पोळी वातड होते. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून कृतीची अपेक्षा करणार नाही. गहू चांगला, तेल चांगलं, तवा तर सुनेने मुद्दाम जाड बुडाचा आणलेला. तरीही माझी पोळी ताटात पडते तेव्हा तिचा आवाज होतो. एवढा संसार झाला, वर्गच्या वर्ग शिकवून पुढे पाठवले, पण घडीच्या पोळीने मला कधी दाद दिली नाही. घरातले पूर्वी बोलून दाखवायचे. आता बोलत नाहीत, मुकाट्याने आमटीत बुडवून खातात, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

एरवी हा राग मी झाकून ठेवते. पण मार्गशीर्ष आला, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की मी थोरल्या बहिणीकडे जाते. यमुनाआक्का जांब्याला दिलेली. पूर्वी माहेराहून, म्हणजे माणहून, तिच्याकडे जायचं म्हणजे बांधाबांधाने चालत जायचं. आता पुण्याहून निघालं की हिंजवडीच्या चौकात रिक्षा इतका वेळ अडकते की उतरून चालायला लागावंसं वाटतं. आक्काच्या घरावर मजले चढलेत. प्रत्येक दारापुढे कंपनीतल्या पोरांचे बूट, कठड्यावर टॉवेल, आणि सकाळी फाटकाशी कॅबवाला हॉर्न वाजवत उभा. पण घरामागे भाताचं एक खाचर अजून आहे. आक्काच्या थोरल्याने भांडून भांडून ते राखलंय. मार्गशीर्षात तिथे कापलेलं भात आडवं पडलेलं असतं. त्याचा वास आला की मी एकदम माणच्या घरात जाऊन उभी राहते, आणि माझं डोकं फिरतं.

लहानपणीच्या वासांनी लोकांना म्हणे गहिवरून येतं. मला त्या वासाने भांडावंसं वाटतं. कुणाशी, ते मात्र अजून ठरत नाही.

आमचं घर भाकरीचं. मुळशीकडची बहुतेक घरं तेव्हा तशीच. दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, कधी नाचणीची. गहू घरात यायचा तो होळीला नाहीतर लग्नकार्याला. होळीची पोळी पुरणाची, ती पुरणाच्या जिवावर मऊ. शिवाय ती लाटायला चुलती यायची, आई फक्त पुरण वाटायची. आत काही न भरता, नुसती तेल लावून घडी घातलेली, पदर सुटलेली पोळी आमच्या घरात कुणी केली नव्हती. तिला आमच्याकडे चपाती म्हणत, आणि ती पुण्याच्या लोकांनी खायची वस्तू होती.

भाकरी मात्र आईचीच बघावी. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, हाताला चटके बसत असतानाच ती काठवटीत मळायची आणि लगेच थापायला घ्यायची. थांबायचं म्हणून नाही. भाकरी तव्यात पडली की वरून ओला हात फिरवायचा, म्हणजे तिला तडे जात नाहीत. शेजारच्या वाटीत बोटं बुडवून आईचा तो हात इतक्या सहज फिरायचा की तिचं तिलाही कळत नसेल. पुढचा सगळा घोळ त्या हाताने केला.

साठ सालाच्या पुढची ती वर्षं. मी पाटी घेऊन नुकती शाळेत जाऊ लागले होते. आक्का चौथी करून घरी बसलेली. बसली होती म्हणजे काय, शेण काढत होती, पाणी भरत होती, आणि मधल्या वेळात चुलतभावाची पुस्तकं पळवून वाचत होती. वरच्या वर्गांना मास्तर होते, आणि आबांचं, आमच्या वडिलांचं, म्हणणं असं, की मोठ्या पोरी मास्तरापुढं बसवायच्या न्हाईत. त्या साली दिवाळीनंतर मास्तरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी पुण्याच्या एक बाई आल्या. वयाने लहान, अंगाने बारीक, पाचवारी नेसणाऱ्या. गावात सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणायचे.

बाईंनी आक्काला नदीवर धुणं धुताना हेरलं. तिथल्या तिथे तिला काही प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात येऊन आबांना म्हणाल्या, ‘‘पाचवी सोडून हिला थेट सहावीत बसवते. पुढच्या वर्षी सातवी पास झाली तर ट्रेनिंगला जाता येईल. माझ्यासारखी शिक्षिका होईल.’’

आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं, पुन्हा ठेवलं. म्हणाले, ‘‘बाई, तुमी हायेत तवर येऊ द्या तिला. तुमी गेलासा आन् मास्तर आला, की दप्तर खुंटीला.’’

आक्का दाराआड उभी होती. तिला एवढंच ऐकू आलं, की बाई राहिल्या तर सातवी. त्या दिवसापासून बाई गावात राहाव्यात हा तिचा ध्यास झाला, आणि तिच्यामुळे आईचाही.

बाईंचं जेवण गावाकडे असायचं. चहापुरता स्टोव्ह त्यांच्या खोलीत होता, पण आपल्या गावाची बाई एकटी चूल फुंकते हे गावाला कमीपणाचं वाटे. म्हणून घरोघरी वार लावून दिले होते. आमच्या वारी बाई पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा आईने भाकरीवर जीव ओतला होता. बाईंनी ती खाल्ली, छान आहे म्हणाल्या, आणि हात धुता धुता हसत म्हणाल्या, ‘‘घरची घडीची पोळी आठवते बघा. पोळी खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही.’’

एवढंच. त्या बोलल्या आणि विसरल्या. माणसं सहज काहीतरी बोलतात आणि चपला घालून निघून जातात, मागे राहिलेल्यांनी मात्र ते किती दिवस धरून बसायचं! बाई वळणापाशी दिसेनाशा व्हायच्या आत आई म्हणाली, ‘‘ही बाई ऱ्हात न्हाई हितं. पोटाला गोड लागंना, तर मानूस कशाला ऱ्हाईल?’’

आक्का खरकटी ताटं तशीच हातात धरून म्हणाली, ‘‘मंग चपाती करूया की.’’

आबांनी रेशनचा तांबडा गहू आणला. पहिल्या दिवशी आईने कणीक भिजवली ती भाकरीसारखीच, उकळत्या पाण्यात. तिचा डिंक झाला. लाटण्याला चिकटली, पोळपाटाला चिकटली, आईच्या कोपरापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी गार पाणी घेतलं. आक्का बाईंना विचारून आली होती, ती शेजारी बसून सांगत होती.

‘‘आता तेल लावून घडी घाल.’’

‘‘आन् आत काय भरायचं?’’

‘‘काय न्हाई.’’

‘‘काय न्हाई? मंग पदर कशाचं सुटायचं?’’ आई खरोखरच चकित झाली होती. आज मी पोळपाटापुढे बसते तेव्हा मला तिचा हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

कणीक मुरू द्यायची हेही तिला पटेना. मळलेलं पीठ झाकून ठेवायचं आणि आपण हात बांधून बसायचं, हे तिच्या बुद्धीत बसणारं नव्हतं. भाकरीच्या बाईला थांबणं माहीत नसतं. पण तेही एकवेळ जमलं. जमला नाही तो हात. घडी घातली, काठाकाठाने लाटली, पोळी तव्यात पडली, आता सुटणार पदर, म्हणून आम्ही दोघी वाकून बघतोय, तोच आईची बोटं वाटीत बुडाली आणि ओला हात पोळीवरून सरसर फिरला. झालं. पदर जागच्या जागी बसले, पोळी तव्याला धरली आणि काढली तेव्हा चामडं झालं होतं.

‘‘आये, पानी नगं!’’

‘‘मी कुटं लावलं?’’ आई म्हणाली. हाताची बोटं ठिबकत होती.

रोज हेच. रोज ती ठरवून बसायची, रोज हात फिरायचा. आमच्या कुत्र्याला एक पोळी टाकली, ती त्याने अंगणात नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिला. आबा हसले. आईने लाटणं भिंतीवर मारलं आणि तिथेच चुलीपुढे रडायला लागली. ‘‘समद्या जगातल्या बायकांस्नी येतंय, मलाच मेलीला का येत न्हाई?’’ आईला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. दुष्काळाच्या गोष्टी ती हसत सांगायची, आणि एका चपातीने तिला रडवलं. लोक मला म्हणतात, एवढ्याशा पोळीवरून काय चिडायचं. त्यांनी आईला बघायला हवं होतं.

शेवटी आक्काने पाण्याची वाटी उचलून माळ्यावर ठेवली, आईला बाजूला सरकवलं आणि स्वतः पोळपाटापुढे बसली. तिचा हात अजून भाकरीला पुरता सरावला नव्हता, तेच कामाला आलं. कणीक तिने आपटून, दुमडून, पुन्हा आपटून तिंबली. ओल्या फडक्याखाली झाकली. ती मुरेपर्यंत चुलीच्या उजेडात एक धडा वाचला. मग लाटून तेल लावलं, त्यावर घरच्याच तांदळाची पिठी भुरभुरली, घडीवर घडी घातली. पोळी तव्यात टाकली. ती फुगली. आक्काने ती काढून दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवावी तशी दाबली, आणि वाफेबरोबर सगळे पदर मोकळे झाले.

आईने पोळीला हलकेच बोट लावलं. म्हणाली, ‘‘आगं बया, ही तर जुन्या लुगड्यावानी मऊ हाय.’’

मी त्या पोळ्या फडक्यात बांधून बाईंकडे धावत नेल्या. बाईंनी फडकं सोडलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. ‘‘कुणी केल्या?’’ आक्काने, मी म्हटलं. ‘‘यमुनेने?’’ असं म्हणून त्या उभ्यानेच एक पोळी नुसती खाऊ लागल्या. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आक्काने मला उचलून गरगर फिरवलं. ‘‘आता न्हाई जात बाई,’’ ती म्हणाली. त्या मोसमातला आमच्या घरातला हा शेवटचा आनंद, आणि तो नीट भोगायलाही मिळाला नाही.

कारण गाव. गावाला कळलं, की यमुनाच्या हातच्या चपात्या बाईंना आवडतात. मग ज्या घराचा वार असेल ते घर आमच्याकडे शेरभर गहू आणून ठेवू लागलं. ‘‘आमच्या वाटच्याबी यमुनालाच करू द्या की. आमाला कुटं जमतंय?’’ सगळ्यांच्या तोंडी हेच, आणि सगळ्यांचा हेतू चांगला. आईला अभिमान वाटला. गहू दळायचा, चाळायचा, भिजवायचा आणि मधल्या सुट्टीला बाईंकडे गरम पोळी पोहोचली पाहिजे. एरवी आईने हात लावला असता, पण भात कापून झालं होतं, खळं लागलं होतं, झोडणीला आई आणि आबा उजाडायला घर सोडत. घरी आक्का. गणित सकाळी असायचं. दुपारी जाईन म्हणून ती आधी दुपारी जायची. मग खळ्यावर माणसांची भाकरी पोहोचवायची म्हणून दुपारही गेली.

बाई टिकाव्यात म्हणून पोळी, आणि पोळी व्हावी म्हणून आक्का घरी. हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. आज सांगायला बसलं की ते इतकं उघड दिसतं, की त्या सगळ्यांचे खांदे धरून हलवावेत. पण हलवणार कुणाला? आबा गेले, आई गेली, खळ्याच्या जागेवर काचेची इमारत उभी आहे आणि तिच्या दाराशी पहारेकरी मला विचारतो, कुणाला भेटायचंय.

त्या खळ्यावर एकदा बाई स्वतः आल्या. भुसा उडत होता, पायात पेंढा घोळत होता, बाई पदर नाकाला लावून उभ्या. म्हणाल्या, ‘‘यमुना शाळेत का येत नाही? गणितात ती मागे पडतेय.’’

आईने हातातला भारा तसाच धरला. ‘‘ती शाळंला आली तर तुमच्या चपात्या कोन करनार, बाई?’’

आई टोमणा मारत नव्हती. तिला खरंच पडलेला प्रश्न होता तो. बाईंचं तोंड एवढंसं झालं. ‘‘मला नको पोळी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी भाकरी खाईन. पण तिला पाठवा.’’

‘‘आसं कसं?’’ आबा म्हणाले. ‘‘गावाच्या अब्रूचा सवाल हाय.’’

तरी आक्का शाळेत गेली. थोडे दिवस मी फडक्यात भाकरी बांधून नेत होते. फडकं परत यायचं तेव्हा त्यात अर्धी भाकरी तशीच. बाई मुद्दाम टाकत नसाव्यात, घशाखाली जात नसेल. आईने ती अर्धी भाकरी सगळ्यांपुढे धरली. ‘‘बगा, उपाशी मारतुया आपन त्या लेकराला. आता जातीया ती.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी काही न सांगता, आक्का परात घेऊन बसलेली होती. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला. पुस्तक जवळ नव्हतं. कणीक मुरेपर्यंत ती नुसती चुलीकडे बघत बसली होती.

बाईंनी तिला संध्याकाळी खोलीवर बोलावून पाहिलं. एक-दोनदा गेली. मग आबांनी विचारलं, ‘‘तिन्हीसांजंला तरनी पोर कुटं निघाली?’’ तेही थांबलं. वर्षाच्या परीक्षेला बाईंनी तिला हट्टाने बसवलं. बाकी सगळ्यात पास झाली, गणितात गेली. तोवर जांब्याच्या पाहुण्यांनी आमच्याकडे जेवताना तिची चपाती खाल्ली होती. त्यांनी मागणी घातली. ‘‘गनित काय करायचंय,’’ आबा म्हणाले, ‘‘हात बगा पोरीचा.’’ आणि वैशाखात आक्का सासरी गेली.

आता ऐका. ती गेल्यावर बाईंना पोळी कोण करणार? आईचा हात अजून फिरतच होता. बाई निमूट भाकरी खाऊ लागल्या. आणि वर्ष फिरायच्या आत त्यांना भाकरी आवडायला लागली! वरून दूध घालून, कुस्करून, चवीने खायच्या. मला सांगा, हेच त्या आधीच्या हिवाळ्यात करता येत नव्हतं? की त्या हिवाळ्यात पोळी मिळाली म्हणूनच त्या टिकल्या, आणि टिकल्या म्हणून भाकरीला सरावल्या? हा गुंता मला कधी सुटलेला नाही. बाईंना विचारायला हवं होतं, पण जेव्हा त्या समोर होत्या तेव्हा मी त्यांच्याकडून अपूर्णांक शिकत होते.

कारण बाई पुढे राहिल्या, चांगल्या माझी सातवी होईपर्यंत राहिल्या. मी पास झाले, आबा तोवर मऊ झाले होते, मी ट्रेनिंगला गेले, मी बाई झाले. आक्काने ज्यांना पोळ्या करून थांबवलं, त्या मला मिळाल्या. घरात हे कुणी कधी बोललं नाही. आक्काही नाही. माझ्या नेमणुकीचे पेढे घेऊन मी जांब्याला गेले तेव्हा तिने मला बसवून गरम पोळ्या वाढल्या होत्या.

परवा पुन्हा तिच्याकडे गेले. मागच्या खाचरात भात आडवं पडलेलं. मी म्हटलं, आज मीच करते, तू बस. आक्का गुडघ्यांना हात लावून पाटावर बसली आणि बघत राहिली. मी सगळं तिच्या पद्धतीने केलं. मुरवलं, तेल लावलं, पिठी लावली, घड्या घातल्या. पोळी तव्यात टाकली. ती तिथेच पडून राहिली. वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरगी डबा न्यायला आली होती, तिने एकदा तव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आजी, माझ्या तुम्हीच करा हं.’’ आजी म्हणजे आक्का. मी उलथनं ओट्यावर टाकलं.

आक्का हसत उठली. तिने माझीच कणीक पुन्हा परातीत ओढली आणि मुठीने तिंबायला लागली. तिचा हात चालत होता आणि मला राहवलं नाही. इतकी वर्षं तोंडाशी आलेलं मी विचारलं, ‘‘आक्का, तुला राग येत नाही?’’

‘‘कुनाचा?’’

‘‘कुणाचाही. आबांचा. बाईंचा. माझा.’’

तिचा हात थांबला नाही. ‘‘येतो की,’’ ती म्हणाली. ‘‘रोज सकाळी परात पुढ्यात घेतली की येतो. मंग त्यो उतरूस्तवर तिंबत बसती.’’

तिने पोरीच्या डब्यात पोळ्या करून भरल्या, मग एक पोळी माझ्यासाठी टाकली. फुगली. तळव्यांत धरून दाबली, वाफ आली, पदर सुटले. ती माझ्या ताटात ठेवत म्हणाली, ‘‘तुजा राग समदा तोंडावाटं जातो. हातात काय ऱ्हातच न्हाई. म्हनून तुजी वातड व्हतीया. खा आता, गार व्हईल.’’

मी खाल्ली. मऊ होती.